संतोषबाईंचं वर्षीतप

परतूर,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय दुर्गाबाईंना संतोषबाईचा जय जिनेन्द्र.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना ही बाई पोस्टात पत्र टाकते. पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. परवा तुमचा फोन आला तेव्हा आमच्या मुलानं, रजतनं, मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून दिला, आणि तुम्ही तिकडून खणखणीत आवाजात विचारलंत, "संतोषबाई, छातीची कातडी बरी हाय का आता?" आमचं घर म्हणजे खाली दुकान आणि मागं स्वयंपाकघर. दोन गिऱ्हाइकं साड्या बघत होती, रजतचे पप्पा गादीवर बसले होते. सगळे एकदम पंख्याकडं बघायला लागले. तेव्हा यापुढं असलं काही विचारायचं तर पत्रातून विचारा. माझं लिहिणं-वाचणं अजून शाबूत आहे.

आपण दोघी संभाजीनगरहून शेक घेऊन आलो त्याला दीड वर्ष होऊन गेलं. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणायचे, तुम्ही शेक म्हणायच्या, मग मीही शेकच म्हणायला लागले. धर्मशाळेची ती खोली, दोन खाटा, रोज सकाळी रिक्षा, आणि तुमचं रिक्षावाल्याशी भांडण. आजाराच्या दिवसांची आठवण सुखाची असते असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता बातमी. मी मार्चपासून वर्षीतप धरलं आहे. एक दिवस पूर्ण उपवास, उकळून गार केलेल्या पाण्याशिवाय काही नाही. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, तेही सूर्य मावळायच्या आत. मग पुन्हा उपवास. असं थेट पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत चालतं, आणि त्या दिवशी उसाच्या रसानं पारणं. शेकाच्या टेबलावर पडल्या पडल्या मी मनाशी म्हटलं होतं, यातून उठले तर वर्षीतप करीन. उठले. म्हणून करते आहे. सगळ्या बाया विचारपूस करायला येतात आणि तब्येत बिलकुल ठीक आहे.

एक काम होतं. कनिकाच्या, म्हणजे आमच्या सुनेच्या, एका मैत्रिणीला शेक घेतलेल्या जागी जरा चिघळलं आहे. तुमची काख सोलवटली होती तेव्हा सिस्टरनं एक पांढरं मलम दिलं होतं. त्याचं नाव कळवा.

तुमची,
संतोषबाई

*

केदारखेडा,
१२ ऑगस्ट २०२५

संतोषबाई, तुमच्या दुर्गाचा मनापासून नमस्कार.

पत्र वाचून इतकी हसले की शीतल चुलीपुढून उठून आली, सासूला काय झालं म्हणून. तिला पंख्याचं सांगितलं तर तीही हसत बसली आणि भाकरी करपली.

मलमाची रिकामी नळी मी अजून जपून ठेवली आहे, तीच पाकिटात घालून पाठवते, नाव त्यावर आहे. का जपून ठेवली ते तुम्हाला माहीत आहे. काखेतली कातडी ओली होऊन सोलली तेव्हा मी कोणाला न सांगता हळद आणि तूप थापलं होतं. वास यायला लागला तरी मी गपचीप. तुम्हीच ओळखलंत. माझा हात धरून, अक्षरशः ओढत, सिस्टरकडं घेऊन गेलात आणि म्हणालात, "इनको शरम आती है, मुझे नहीं आती." सिस्टरनं सगळं धुतलं, मी रडले, तुम्ही बाहेर जाऊन माझ्यासाठी दूध आणलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या नव्या मलमलच्या साडीला कात्री लावली आणि मला दोन सैल पोलकी शिवून दिलीत, पुढून नाड्यांची. मला सख्ख्या बहिणी तीन आहेत, पण माझ्यासाठी नवी साडी कापणारी एक नाही.

तेव्हा त्या मैत्रिणीला माझं नाव सांगून सांगा, लाजू नको, आधी डॉक्टरला दाखव, मलम नंतर. मी लाजले आणि पंधरा दिवसांचं दुखणं महिन्यावर नेलं.

तुमच्या उपवासाचं मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्या बाई खरंच उपास करून राह्यल्या. आमच्या घरात एकादशी आली की साबुदाणा दुप्पट लागतो." आणि ते खरंच आहे. पण संतोषबाई, एवढा कडक उपवास आपल्यासारख्या माणसांना झेपतो का? विचारलं म्हणून रागावू नका.

पुढच्या आठवड्यात माझी तपासणी आहे. तुमचीही असेल ना?

तुमची,
दुर्गा

*

परतूर,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय दुर्गाबाई,

नळी मिळाली. मलम आणवलं आणि त्या मैत्रिणीला दिलं. तुमचे उपकार.

तिला लावल्यावर थंड वाटतं म्हणते, पण जागा काही मिटत नाही. डाव्या काखेच्या खाली, ब्लाउजची शिवण टेकते तिथं आहे. आधी नुसती कातडी ताठ आणि काळपट झाली होती, मग एक चीर पडली, आता बोट मावेल एवढं झालं आहे. सकाळी कापड चिकटून बसतं, ते कोमट पाण्यानं भिजवून सोडवावं लागतं. त्या कुशीवर झोपता येत नाही. तिला डॉक्टरचं सांगितलं. ती म्हणते, एवढ्याशासाठी कोण जाणार, आणि घरात सध्या वेळही नाही.

माझी तपासणी मी दिवाळीनंतर ठेवली आहे. परवापासून आमचे पर्युषण सुरू होतील. या वर्षी वर्षीतपातच आठ दिवसांचा सलग उपवास, अठ्ठाई, करायचा विचार आहे. चातुर्मासासाठी महासतीजी आमच्या गावात आहेत. त्या फार मोठ्या विदुषी, साध्वी असून बोलणं मात्र घरच्यासारखं. व्याख्यानाला स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, बसायला जागा मिळत नाही. सगळ्या बाया मला पुढं बसवतात, वर्षीतपवाली म्हणून. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

झेपतं का विचारलंत. झेपतं. भूक मला कधी जड गेलीच नाही.

तुमची,
संतोषबाई

*

केदारखेडा,
१ सप्टेंबर २०२५

संतोषबाई, नमस्कार.

तपासणी झाली. माझं ठीक आहे. हात थोडा सुजतो, त्याला व्यायाम दिला आहे.

आपल्या त्याच डॉक्टरबाई होत्या. माझं झाल्यावर मी त्यांना तुमच्या कनिकाच्या मैत्रिणीचं विचारलं, जसं तुम्ही लिहिलं होतं तसंच. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे शेकानं ताजं पोळलेलं नाही, तसं तुमचं होतं, ते मलमानं भरतं. हे उशिराचं आहे. शेकानं रोग जळतो, पण त्या जागेला रक्त पोचवणाऱ्या बारीक नसाही हळूहळू आकसतात. ते लगेच कळत नाही. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी तिथली कातडी आपोआप उकलते आणि मग भरायला रक्तच पुरत नाही. वरून काहीही चोपडा, आत पोचत नाही. आधी तुकडा काढून बघावं लागतं की रोग तर परत आला नाही ना. बहुतेक वेळा तसं नसतं, पण बघावंच लागतं. मग त्यावर इलाज आहेत, चांगले आहेत. आणि शेवटी त्यांनी विचारलं, "त्या बाई व्यवस्थित जेवतात ना? डाळ, दूध, दही? पोटात काही नसेल तर मी कितीही पट्ट्या बांधून जखम भरणार नाही."

मी म्हणणार होते, मला काय माहीत ती कोण आहे. तोंडापर्यंत आलं होतं. नुसती मान हलवून बाहेर आले.

परतताना जालन्याला गाडी बदलली. राजूर यायच्या आत मला सगळं कळून गेलं. संतोषबाई, डावी बाजू तुमची. दुसऱ्याच्या अंगाला सकाळी कापड चिकटतं हे कोणाला माहीत असतं? आणि सुनेच्या मैत्रिणीनं आपल्याला कुठल्या कुशीवर झोप येत नाही ते तुम्हाला सांगितलं, पण तिला एक नाव नाही.

माझं एकच विचारणं आहे. मैत्रिणीचं नाव काय?

दुर्गा

*

परतूर,
१० सप्टेंबर २०२५

प्रिय दुर्गाबाई,

मैत्रीण नाही. मीच आहे.

मे महिन्यात चीर पडली. आधी वाटलं घामानं झालं. मग वाटलं ब्लाउजनं. नंतर काही वाटून घ्यायचं सोडून दिलं.

तुम्ही रागावला असाल, पण आता माझंही ऐका. डॉक्टर तुकडा काढणार, आणि तो वाईट निघाला तर? पहिल्या वेळी मी धीट होते, कारण मला काही माहीत नव्हतं. आता सगळं माहीत आहे. आणि चांगला निघाला तरी त्या पहिली गोष्ट सांगणार, उपवास सोडा. दुर्गाबाई, मी या उपवासावर उभी आहे. मी बोलले होते उठले तर करीन, आणि उठले. आता अर्ध्यात सोडलं तर ज्यामुळं वाचले तेच मी हातानं मोडल्यासारखं होईल. रोग दारातच बसला आहे आणि माझा उपवास सुरू आहे तोवर तो आत येत नाही, असं मला वाटतं. हे शहाण्या बाईचं बोलणं नाही हे मला कळतं. पण भीती अशीच आहे.

घरात कोणाला सांगू? रजतचे पप्पा ऐकूनच आजारी पडतील. कनिका चांगली मुलगी आहे, पण सून आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्यापुढं कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नर्सबाई ठेवली होती. तिच्यापुढं मी ती कापलेली, जळलेली जागा उघडी करून बसू? ते माझ्यानं होणार नाही.

अक्षय तृतीया एप्रिलमध्ये आहे. पारणं झालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः डॉक्टरकडं जाईन. तोपर्यंत माझ्या घरात कोणाला एक अक्षर सांगायचं नाही. मला शब्द द्या. तुमच्याशिवाय हे कोणाला लिहू शकले नसते, म्हणून लिहिलं. लिहिल्यावर जरा हलकं वाटलं, त्याबद्दल तुमचे उपकारच आहेत.

तुमची,
संतोषबाई

*

केदारखेडा,
२५ सप्टेंबर २०२५

संतोषबाई, नमस्कार.

तुमच्या घरात कोणाला सांगायचं नाही म्हणालात. मी तुमच्या घरात कोणालाही सांगितलेलं नाही. हा शब्द मी पाळला आहे हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही पत्र फाडाल.

मी सोमवारी परतूरला येऊन गेले. पावसानं सोयाबीन आडवं झालं आहे, शेतात पाय ठेवता येत नाही, म्हणून घरातून निघता आलं. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि वळले. दुकानाकडं बघितलंसुद्धा नाही. विचारत विचारत तुमच्या स्थानकात गेले.

मी आपली देवाच्या ठिकाणी जायचं म्हणून नारळ आणि शेवंतीचा हार घेऊन गेले होते. दारातल्या बायांनी हसून सांगितलं, मावशी, हे इथं चालत नाही. हार-नारळ चपलांपाशी ठेवला. आत महासतीजी बसल्या होत्या, तोंडाला पांढरी पट्टी. मला वाटलं साथ आली असेल, म्हणून मीही पदर तोंडावर घट्ट धरला. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचे डोळे हसले. मग म्हणाल्या, ही पट्टी आजाराची नाही, बोलताना बारीक जीवाला इजा होऊ नये म्हणून आहे. मला पदर सोडायला सांगितला.

मी बाकीच्या बाया जाईपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं. शेक, जखम, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, तुमचा उपवास, तुमची भीती. नाव सांगावं लागलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. झाल्यावर एवढंच विचारलं, "त्यांनी तुम्हाला पाठवलं का?"

"न्हाई जी," मी म्हणले. "त्यांना कळलं तर त्या माझं तोंड बघायच्या न्हाईत."

"मग तुम्ही का आलात?"

"जित्या राह्यल्या तर बघतील कधीतरी."

 महासतीजी म्हणाल्या, बरं केलंत. त्या पुढं काय करणार ते मला सांगितलं नाही.

मला तुमच्या धर्मातलं काही कळत नाही. उपवास सोडा म्हणायला मी कोण? म्हणून ज्यांना म्हणता येतं त्यांच्याकडं गेले. तुम्ही मला हाताला धरून सिस्टरकडं नेलं होतं. मला तुमचा हात धरता आला नाही, तुम्ही लांब आहात.

दुर्गा

*

परतूर,
२९ सप्टेंबर २०२५

दुर्गाबाई,

तुमचं पत्र यायच्या आधीच स्थानकातून बोलावणं आलं होतं. आत गेल्यावर महासतीजींनी पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हाच मला कळलं की हे कुणाचं काम आहे. ज्या जागी मला पुढं बसवायचे त्या जागी मी मान खाली घालून बसले.

मी तुमच्यावर विश्वास टाकला होता. तुम्ही शब्दात पळवाट शोधलीत. यापुढं पत्र पाठवू नये.

संतोषबाई

*

केदारखेडा,
१५ ऑक्टोबर २०२५

संतोषबाई,

पत्र पाठवू नये म्हणालात. हे पत्र नाही, पार्सलमधल्या पिशवीत काय आहे तेवढं सांगते. आमच्या शेतातला मूग आहे, शीतलनं घरी भरडून डाळ केली आहे. पावसाच्या आधी निघाला म्हणून चांगला आहे. खडे निवडलेले आहेत. तुम्ही रागावलेल्या असल्या तरी शिजेल.

दिवाळीच्या शुभेच्छा, घरातल्या सगळ्यांना.

दुर्गा

*

छत्रपती संभाजीनगर,
२३ नोव्हेंबर २०२५

माझ्या प्रिय दुर्गाबाई,

वरचा पत्ता बघून घाबरू नका. आधी मुख्य गोष्ट सांगते म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. तुकडा काढून तपासला. रोग नाही. पुन्हा लिहिते, रोग नाही.

आता पहिल्यापासून. महासतीजींनी मला बोलावून विचारलं होतं, उपवास जड जातो का? मी जरा गर्वानंच म्हणाले, नाही. त्यांनी विचारलं, मग जड काय जातं? उत्तरही त्यांनीच दिलं, "सुनेला जखम दाखवणं जड जातं ना?"  मग त्यांनी जे सांगितलं ते असं होतं: "उपवासाचं पच्चक्खाण, म्हणजे नियम, घेता तेव्हा आजारपणाची सूट त्यातच दिलेली असते. ती सूट घेतली तर तप मोडत नाही. आणि तुम्हाला तपच करायचं असेल तर जड जाईल ते करा. रोज सुनेपुढं बसा, तिच्या हातानं जखम धुऊन घ्या, आणि ती वाढेल ते जेवा. हे तुम्हाला उपवासापेक्षा कठीण जाईल."

मी तिथून उठले ती रागानंच. महासतीजींवर रागावता येत नाही, म्हणून सगळा तुमच्यावर काढला आणि ते पत्र टाकलं. उपवास सुरूच ठेवला. मग तुमची मुगाची डाळ आली. ती मी डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवून दिली. तेवढी मी हट्टी आहे, तुम्ही धर्मशाळेच्या खोलीत बघितलंच आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी कापड इतकं चिकटलं की भिजवूनही सुटेना. हात मागं पोचत नव्हता, अंगात कणकण होती. न्हाणीत पाटावर बसून राहिले. कनिका बाहेर पाणी भरत होती. तिला हाक मारायची होती. दुर्गाबाई, एक हाक. ती तोंडातून निघेना. दोनदा घसा साफ केला. शेवटी मारली.

ती आत आली. मी पाठ फिरवून बसले होते, पदर बाजूला होता.  ती खाली बसली, कोमट पाण्यात कापूस बुडवून थेंब थेंब सोडत राहिली, कापड आपोआप सैल होईपर्यंत. सुटलं तेव्हा तिला दिसलं.  मग एवढंच म्हणाली, "मम्मीजी, कब से?"

मी म्हणाले, मई से. ती माझ्या पाठीला डोकं टेकवून रडली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. तिनंही मला असं कधी बघितलं नव्हतं, म्हणजे हिशेब बरोबर झाला.

त्याच दिवशी रजतनं गाडी काढली. डॉक्टरबाईंनी मला ओळखलं आणि म्हणाल्या, "मैत्रीण कशी आहे?" तुम्ही माझी चांगलीच अब्रू घालवली आहे तिथं. तुकडा तपासायला गेला तेव्हा उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. उत्तर आलं आणि रजतचे पप्पा दवाखान्याच्या बाकावरच डोळे मिटून बसून राहिले.

महासतीजी चातुर्मास संपवून विहाराला, म्हणजे पायी पुढच्या गावी, निघायच्या आधी मी त्यांच्यापुढं पारणं घेतलं. घरी येऊन कनिकानं खिचडी केली. कुठल्या डाळीची ते तुम्हाला कळलं असेल. वरची फळी मीच दाखवली. तांदूळ आमचे, मूग तुमचा, तूप कनिकाच्या माहेरचं. पहिला घास तोंडात घातला आणि मला वाटलं होतं की काहीतरी होईल, भीती वाटेल. काही झालं नाही. खिचडी गरम होती आणि मला फार भूक लागली होती. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा कबूल केलं की मला भूक लागते.

आता इथले उपचार. नसा मोकळ्या होण्यासाठी गोळ्या आहेत. आणि रोज एका काचेच्या लांब नळकांड्यात झोपवतात, दार बंद करतात आणि आत दाबानं शुद्ध ऑक्सिजन सोडतात. रक्तात तो जास्त मिसळतो आणि उपाशी कातडीपर्यंत पोचतो, असं त्यांनी समजावलं. आत जाताना अंगावर तेल, पावडर, अत्तर काही चालत नाही, नुसतं सुती कापड. कानांना मात्र घाटात बसतात तसे दडे बसतात. टेक्निशियननं विचारलं, आजी, कानात काही वाटतंय का? कनिका बाहेरून म्हणाली, त्यांना ते ऐकू जायचं नाही. मी आतून सगळं ऐकलं. आम्ही आपल्याच धर्मशाळेत उतरलो आहोत. सकाळी-संध्याकाळी कनिका पट्टी बदलते. जखमेच्या कडा लाल व्हायला लागल्या आहेत. डॉक्टरबाई म्हणतात लाल म्हणजे चांगलं, रक्त आलं.

तुम्हाला काय लिहू? मी पत्र पाठवू नका म्हणाले आणि तुम्ही डाळ पाठवलीत. माझा जीव तुम्ही वाचवला आहे, आणि तो वाचवताना माझ्या शिव्या खाल्ल्या आहेत. मला माफी मागायची सवय नाही, पण मागते. तुमचा हात पोचला, दुर्गाबाई.

तुमचीच,
संतोषबाई

*

केदारखेडा,
१८ जानेवारी २०२६

माझ्या लाडक्या संतोषबाई,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. मालकांना वाचून दाखवताना "रोग नाही" इथं अडकले, तर त्यांनी पत्र हातातून घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, तरी वाचलं. मग बाहेर जाऊन बैलाशी काहीतरी बोलत उभे राहिले.

माफी परत पाठवते, ती मी घेणार नाही. तुम्ही साडी कापली तेव्हा मी काय दिलं होतं?

पण तुमच्या पत्रानं मला एक चटका बसला. माझा हात सुजतो म्हणून व्यायाम दिला आहे असं मी लिहिलं होतं. तो व्यायाम मी करतच नव्हते. रोज हात चोळून, वर करून, पट्टा बांधून द्यायला दुसरं माणूस लागतं आणि शीतलला सांगायला मला संकोच वाटत होता. दुसऱ्याला सांगायला दुर्गा पुढं, हे तुम्हाला कळायला हवं. आता सांगितलं. ती म्हणाली, "मंग इतके दिवस काहून सांगितलं न्हाई? मी का पाव्हणी हाय?" कापूस वेचून आल्यावर, स्वतःचे हात दुखत असताना, ती माझा हात मांडीवर घेते. सूज उतरत चालली आहे.

सोबत तिळगूळ आहे. गूळ चालतो ना तुम्हाला? चालत नसेल तर कनिकाला द्या, तिनं कमावला आहे.

तुमची,
दुर्गा

*

परतूर,
२५ एप्रिल २०२६

प्रिय दुर्गाबाईंना तुमच्या संतोषबाईचा जय जिनेन्द्र, आणि शीतललाही.

गूळ चालतो. सगळा कनिकानं खाल्ला.

अक्षय तृतीया झाली. यंदा आमच्या गावात वर्षीतपाची पारणी होती. चार बायांना पाटावर बसवलं होतं, घरची माणसं त्यांना उसाचा रस देत होती, गाणी चालली होती. मी जाणार नव्हते. मागच्या वर्षी हे सुरू केलं तेव्हा त्या पाटावर मी स्वतःला कितीदा तरी बघितलं होतं. कनिका म्हणाली, चला, मी तुमच्याबरोबर बसते. आम्ही मागच्या रांगेत बसलो. मला वाटलं होतं वाईट वाटेल, लोक विचारतील. एकीनं विचारलंच, तुमचं मध्येच सुटलं का हो? मी म्हणाले, सुटलं नाही, बदललं. तिला काही समजलं नाही आणि मी समजावलं नाही. त्या चौघींकडं बघून मला खरोखर आनंद झाला. आम्ही दोघी घरी आलो आणि मी भरपेट जेवले.

जखमेचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात ती करंगळीच्या नखाएवढी उरली होती. काल कनिकानं पट्टी काढली आणि दिव्याजवळ नेऊन बघितलं. मग तिनं आरसा आणून मला दाखवलं. पूर्ण भरली आहे. नवी कातडी गुलाबी आहे, पातळ आहे, बाकीच्या काळपट जागेत वेगळी दिसते. मी बोट लावून पाहिलं. ओलं काही नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो.

कनिकानं कापूस, कात्री, पट्ट्या सगळं डब्यात भरलं आणि म्हणाली, मम्मीजी, आता उद्यापासून यायची गरज नाही.

तुम्हाला खरं सांगते, मला वाईट वाटलं. इतके महिने मी ज्या जागेचा दुस्वास केला, तिच्यामुळं ही मुलगी रोज सकाळी माझ्या खोलीत येऊन बसत होती. पट्टी बदलायला फार वेळ लागत नाही. पण ती तिच्या माहेरचं सांगायची, कॉलेजात शिकलेलं सांगायची, कधी माझीच नक्कल करून दाखवायची. मी तिला माझ्या लग्नातलं सांगितलं, जे रजतलाही माहीत नाही. माझे कान असे, पण तिचं सगळं ऐकू यायचं, कारण ती इतक्या जवळ बसायची. महासतीजींनी सांगितलेलं तप केव्हा जड जायचं थांबलं, मला कळलंच नाही.

दाराकडं गेली तेव्हा मी तिला हाक मारली. या वेळी लगेच निघाली. म्हणाले, गरज नसली तरी येत जा.

आज सकाळी ती आली. हातात दोन कप चहा होता.

तुमची,
संतोषबाई